ऑरिन ट्रिबलला पदवी मिळाली

स्लेट फोर्कच्या माणसांना एक खोड आहे. दारात परका माणूस उभा राहिला की ती ताबडतोब बरी होतात. सकाळपर्यंत अंथरुणाला खिळलेली बाई उठून कॉफी टाकते, गुडघे गेलेला म्हातारा पाहुण्याला निरोप द्यायला पायरीपर्यंत चालत येतो, आणि कसं काय चाललंय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तक्रार नाही." लाकडाची गिरणी बंद पडली आणि अर्धं गाव एका शुक्रवारी घरी बसलं, तेव्हाही गाव हेच म्हणत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरंच. पण ह्या गावात मुठीतलं बोट सडलं तरी मूठ कुणी उघडत नाही, आणि त्यालाच इथे अब्रू म्हणतात.

जोनेल पेटिट ह्याच गावात वाढली. तिचा बाप ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. वीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढलं. शाळाही बंद झाली, तेव्हा काउंटीच्या नव्या योजनेत तिला काम मिळालं. योजना होती एकाच वेळी पाच-सहा आजार घेऊन जगणाऱ्या माणसांसाठी. अशा माणसाचे डॉक्टर चार असतात आणि चौघांची तोंडं चार दिशांना. हृदयवाला गोळी देतो ती मूत्रपिंडवाल्याला ठाऊक नसते, आणि घरात शिधा आहे का, दवाखान्यापर्यंत न्यायला कुणी आहे का, हे तर कुणालाच ठाऊक नसतं. हे सगळं ठाऊक असलेलं एक माणूस प्रत्येकाला असावं, एवढीच कल्पना. जोनेल बारा जणांचं ते एक माणूस होती. ती नर्स नव्हती. तिच्याजवळ होती एक जुनी गाडी, एक वजनकाटा आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात न बिचकता शिरायची सवय.

त्या बारांतला ऑरिन ट्रिबल. वय एकाहत्तर. एके काळी जोनेलच्या बापाबरोबर तोही ओंडके वाहायचा. आता हृदय निम्म्यानं काम करत होतं, साखर होती, फुप्फुसात लाकडाच्या भुशाची वर्षं साठली होती, आणि डाव्या तळपायावरची जखम दोन वर्षं भरायचं नाव घेत नव्हती. जोनेल येण्याआधी दहा महिन्यांत सात वेळा त्याला रुग्णवाहिकेतून चाळीस मैलांवरच्या इस्पितळात नेलं होतं. दर वेळी अंगातलं पाणी काढायचं, हातात कागदांचं पुडकं द्यायचं आणि घरी पाठवायचं, असा खेळ चालला होता. तो स्वतः म्हणायचा, "एंजिन ठीक आहे पोरी, रेडिएटर तेवढा गळतोय."

ते कागद जोनेलला तिसऱ्या भेटीत सापडले. पाव गरम करावा म्हणून तिनं ओव्हन उघडला तर आत सातही पुडकी होती. एकही उघडलेलं नव्हतं. तिनं वळून पाहिलं तेव्हा ऑरिन खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

त्याला वाचता येत नव्हतं. आकडे यायचे, रस्त्यावरच्या पाट्या आकारावरून कळायच्या, आणि बाकीचं सगळं त्रेचाळीस वर्षं त्याची बायको मेव्हिस वाचत आली होती. गाडीच्या परवान्यापासून मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळं. मेव्हिस गेली, मुलगी दूर अलास्कात, आणि घरात आलेल्या कागदाला ओव्हनशिवाय जागा उरली नाही. त्यानं जोनेलकडून वचन घेतलं, की ही गोष्ट ह्या घराबाहेर जाणार नाही. तिनं दिलं. मग ती रंगीत चिकटपट्ट्या घेऊन आली आणि औषधांच्या बाटल्यांच्या झाकणांना लावल्या. पिवळी सकाळची, निळी रात्रीची, लाल ती अंगातलं पाणी काढणारी. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती येऊन त्याला काट्यावर उभं करायची, पायाची पट्टी बदलायची, योजनेचा बिनमिठाचा डबा फ्रीजमध्ये ठेवायची. मधल्या दिवशी घरातल्या काट्यावर उभं राहून तो स्वतःच वजन वहीत लिहायचा. दोन दिवसांत तीन पाउंड वाढलं की डॉक्टरला फोन करायचा, हा नियम. सात महिने रुग्णवाहिका आली नाही. पायाची जखम नाण्याएवढी उरली.

आणि तिथेच घात झाला. योजनेत दर सहा महिन्यांनी माणसाला गुण देतात. इस्पितळात किती वेळा गेला, घर कसं आहे, औषधं स्वतः घेतो का, असे सगळे मिळून. हालत जितकी वाईट तितके गुण जास्त. बाराच्या खाली गेला की माणूस योजनेतून बाहेर. बाहेर काढलं असं मात्र कुणी म्हणत नाही. त्याला पदवी मिळाली असं म्हणतात. केक कापतात, प्रमाणपत्र देतात, टाळ्या वाजवतात. ज्यानं ही कल्पना काढली त्याला एकदा ऑरिनच्या ओव्हनसमोर उभं करायला हवं होतं.

योजनेचा प्रमुख रूबेन आर्से माणूस वाईट नव्हता. त्यानं जोनेलला बोलावून सांगितलं, की रांगेत नव्वद माणसं उभी आहेत, त्यांतली काही वाट बघतच मरतील, आणि ऑरिनच्या फाइलीत सात महिने काहीच घडलेलं नाही. ती म्हणाली, काही घडलं नाही कारण मी आठवड्यातून तीनदा जाते. तो म्हणाला, ते मला ठाऊक आहे, पण गुण देणाऱ्या बाईला ते कागदावर दिसायला हवं. जोनेल बाहेर येऊन गाडीत बसली. तिचं जाणं थांबलं तर ऑरिन पुढचा हिवाळा बघणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

गुण द्यायला बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी ती ऑरिनकडे गेली. त्याला समोर बसवून सांगितलं, की उद्या जे वाईट आहे तेच सांगायचं. सगळ्यात वाईट दिवस कसा असतो ते सांगा, आजचा नको. ऑरिननं मान डोलावली. मग जोनेल उठली आणि तिची नजर मोरीकडे गेली. दोन-तीन दिवसांची ताटं होती. जमिनीवर जुनी पट्टी पडली होती. चादरीला वास येत होता. हे सगळं असंच राहू द्यायचं, आजच्या कामाचा मुद्दाच तो होता.

पण जोनेलला ते जमलं नाही. तिचा बाप शेवटचे श्वास घेत असताना डॉक्टर येणार म्हणून तिच्या आईनं अंगण झाडलं होतं. मेव्हिसच्या स्वयंपाकघरात उद्या एक परकी बाई नाक मुरडत उभी राहणार, हे जोनेलला सोसेना. नुसती ताटं घासू, असं म्हणून तिनं पाणी सोडलं. मग जमीन पुसली. मग चादर बदलली. तीन तासांनी ती थांबली तेव्हा खिडकीच्या काचा चकचकत होत्या, ऑरिनचे केस कापलेले होते, आणि उद्याचा चौकड्यांचा शर्ट इस्त्री होऊन खुर्चीवर लटकत होता. दोघांनाही फार बरं वाटलं.

गुण देणारी अलाना फर्थ नावाची तरुण नर्स होती. प्रेमळ होती, घाईत नव्हती. ऑरिननं तिला दारात उभं राहून आत घेतलं, कॉफी विचारली. घर इतकं छान कोण ठेवतं, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं एकदा जोनेलकडे पाहिलं.

"मीच," तो म्हणाला.

जोनेल कॉफी ओतत राहिली. म्हाताऱ्याला त्याच्याच टेबलावर खोटं पाडायचं कसं? पुढचं सगळं त्याच वळणानं गेलं. औषधं स्वतः घेता का? हो, मॅडम. पायऱ्या चढता येतात का? हो, मॅडम. रात्री श्वास लागून उठावं लागतं का? आठवत नाही, मॅडम. खरं म्हणजे तो तीन उशा लावून बसूनच झोपायचा, पण त्या उशा जोनेलनं काल नीट रचून कपाटात ठेवल्या होत्या. गुण नऊ झाले.

परतताना नदीच्या पुलापाशी जोनेलनं गाडी बाजूला घेतली. तिच्या हातांना अजून साबणाचा वास येत होता. ज्या हातांनी ह्या माणसाला सात महिने जगवलं त्याच हातांनी त्याच्या पायावर धोंडा घातला, हे तिला तिथे कळलं आणि ती रडली. वीस मिनिटांनी तोंड पुसून ती पुढच्या घरी गेली, कारण तिथेही वजन करायचं होतं.

अभिनंदनाचं पत्र आठवड्यात आलं. तिनं ते ऑरिनला वाचून दाखवलं. आपल्या प्रकृतीची जबाबदारी आपण समर्थपणे स्वीकारल्याबद्दल, असं काहीतरी. त्या समर्थपणे शब्दावर तिचा आवाज अडखळला. ऑरिन म्हणाला, परत वाच. तिनं परत वाचलं. मग तिनं सांगितलं, की ह्याविरुद्ध दाद मागता येते, तिघांच्या समितीपुढे जावं लागतं, आणि आपण जाणार आहोत.

समिती काउंटीच्या मुख्य गावात बसायची. घाटाचा रस्ता, दीड तास. अर्ध्या वाटेवर जोनेलनं विषय काढला.

"ऑरिन, एकच गोष्ट सांगू द्या मला. वाचायची."

तो रस्त्याकडे बघत राहिला. वळणं मोजत असावा, कारण ह्या रस्त्याचं प्रत्येक वळण त्याला पाठ होतं.

"त्या एका गोष्टीचे चार गुण आहेत. नऊ आणि चार तेरा. तेवढ्यानं काम होतं."

"तुझ्या बापाला ठाऊक नव्हतं ते," तो म्हणाला. "अठरा वर्षं एका ट्रकमध्ये डबा खाल्ला आम्ही."

"मला ठाऊक आहे ना? मी काही कमी मानते का तुम्हाला?"

पुढचं वळण गेल्यावर तो म्हणाला, "बघू." जोनेलनं त्याचा अर्थ होकार असा घेतला. बुडणाऱ्याला काडीचा आधार.

समितीत दोन बायका आणि एक पुरुष होता. खोली लहान, टेबल लांब. जोनेलनं पायाची जखम सांगितली, उशा सांगितल्या, घर मी साफ केलं होतं हेही सांगून टाकलं. त्यावर एक बाई समजूतदारपणे हसली. मग जोनेल म्हणाली, "मिस्टर ट्रिबलना वाचता येत नाही. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते त्यांना कळत नाही. मी लावलेल्या रंगांवर सगळं चाललंय."

तिघांनीही ऑरिनकडे पाहिलं. वाईट नजरेनं नव्हे, दयेनं पाहिलं, आणि तेच वाईट झालं. त्याचे कान लाल झाले. त्यानं शर्टाच्या खिशातून अभिनंदनाचं पत्र काढलं, उलगडलं, मेव्हिसचा चष्मा नाकावर चढवला आणि वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत एकही शब्द चुकला नाही. स्वल्पविरामाला थांबला, पूर्णविरामाला श्वास घेतला. आणि समर्थपणे ह्या शब्दापाशी आल्यावर, जिथे जोनेलचा आवाज अडखळला होता, तिथे तोही तसाच अडखळला.

जोनेलच्या समोर फाइल पडली होती. त्यातला कुठलाही एक कागद त्याच्यापुढे सरकवून हा वाचा एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. तिचा हात फाइलीवर होता. ऑरिननं चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. एकाहत्तर वर्षांच्या माणसानं अशी विनवणी कुणाकडे करू नये. जोनेलनं हात मागे घेतला.

समितीतला पुरुष म्हणाला, "आमचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो." तिघंही जरा मोकळी झाली. दाद फेटाळली गेली.

केक कापायच्या दिवशी ऑरिननं टाय बांधला होता. केकवर साखरेचा जाड थर होता. साखरेचा आजार असलेल्या नऊ माणसांसाठी तो कुणी मागवला कुणास ठाऊक. रूबेननं प्रत्येकाचं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. ऑरिन वाचता न येताच आठवीपर्यंत ढकलला गेलेला, तिथून शाळा सोडलेला. प्रमाणपत्र त्याच्या आयुष्यातलं पहिलंच. घरी गेल्यावर त्यानं ते मेव्हिसच्या फोटोशेजारी ठोकलं आणि त्यावर काय लिहिलंय ते जोनेलला दोनदा विचारलं. जोनेलनं दोन्ही वेळा सांगितलं. दुसऱ्या वेळी तिला त्याचा राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

त्याच्या जागी नवा माणूस आला. पदवी मिळालेल्यांकडे कामाच्या वेळेत जायचं नाही असा नियम आहे, म्हणून जोनेल रविवारी प्रार्थना उरकून जायची. रविवारी ऑरिनची दाढी झालेली असायची, मोरी रिकामी असायची. वहीत रोजचं वजन लिहिलेलं असायचं. एकशे चौऱ्याऐंशी. कसं वाटतंय म्हटलं तर, तक्रार नाही. बिनमिठाचे डबे बंद झाले होते, त्यामुळे दुकानातल्या पत्र्याच्या डब्यांतलं खारट मिरची-बीन्सचं जेवण चालू झालं होतं, पण ते रिकामे डबे तो रविवारआधी कचऱ्यात टाकायचा. जोनेलच्या मनात पाल चुकचुकायची. पण बाकीची बारा माणसं होती, आणि आठवड्याला रविवार एकच.

ऑक्टोबरात औषधांच्या दुकानानं नव्या बाटल्या पाठवल्या. झाकणं सगळी पांढरी. जुन्या बाटल्यांतल्या गोळीशी आकार जुळवून बघावा, तर कंपनी बदललेली, गोळ्यांचे आकारही बदललेले. रविवारी विचारता आलं असतं. पण पोरगी आठवडाभर राबून येते, तिला परत ह्या पोरखेळात कशाला ओढायचं, असं त्याला वाटलं. त्यानं जुनी रंगीत झाकणं अंदाजानं नव्या बाटल्यांना लावली. अंगातलं पाणी काढणारी गोळी सुटली आणि साखरेची दोनदा जायला लागली.

मंगळवारी सकाळी शेजारच्या बाईला तो पायरीवर बसलेला दिसला. ओठ निळे, पाय ओंडक्यासारखे. तिनं हाक मारली तर म्हणाला, जरा हवा खातोय. तिनं रुग्णवाहिका बोलावली.

जोनेल इस्पितळात पोचली तेव्हा दुपार झाली होती. वाटेत ती त्याच्या घरून वही घेऊन आली होती, डॉक्टरला दाखवायला. बाकावर बसून तिनं पानं उलटली. एकशे चौऱ्याऐंशी, एकशे चौऱ्याऐंशी, एकशे चौऱ्याऐंशी. एकवीस दिवस तोच आकडा, त्याच ठसठशीत अक्षरात. इथे आल्यावर त्याचं वजन भरलं होतं दोनशे एक. गेले तीन रविवार तिनं हीच वही हातात घेऊन छान म्हटलं होतं. माणसाचं वजन दिवसागणिक थोडं तरी हलतं, हे तिनंच त्याला शिकवलं होतं.

तिनं रूबेनला फोन केला. त्यानं फाइल उघडून पाहिली. मग म्हणाला, परत घ्यायचा नियम आहे, सहा महिन्यांत दोनदा इस्पितळात भरती झालेली असावी लागते. ही एक झाली. मी दुसरं काही करू शकत नाही जोनेल, माझ्या हातात असतं तर केलं असतं. तो खोटं बोलत नव्हता. फोन ठेवल्यावर जोनेल तशीच बसली आणि तिच्या मनानं हिशेब सुरू केला. अजून एक. ऑक्टोबर चाललाय. नाताळच्या आत झाली तर जानेवारीपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार. आपण कशाची इच्छा करतोय हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. तरी हिशेब थांबला नाही.

ऑरिन तीन उशांवर बसला होता. नाकात नळी, गालावर पांढरे खुंट. जोनेलनं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच दाढी न केलेला पाहिलं.

"चार वाजता डॉक्टर येणार आहे," तो म्हणाला. "माझा वस्तरा आणशील?"

"नाही आणणार."

"अशा अवतारात?"

"अशाच अवतारात बघू दे त्यांना. एकदा तरी बघू दे."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. जोनेल खुर्चीत बसून राहिली. वही तिच्या मांडीवर होती, आणि ती त्याला दिसली असावी, कारण तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "काळजी करशील म्हणून लिहिलं तसं."

"माहीत आहे."

"परत घेतात का?"

खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं. पण आजवर दोघांनी मिळून पुरेसं खोटं केलं होतं. तिनं नियम सांगितला. सहा महिने, दोन भरत्या. ऑरिननं तो नीट ऐकून घेतला. बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे ही धरून?"

"ही धरून."

"मग राहिली एकच." त्यानं तिच्याकडे तोंड वळवलं. तिला धीर द्यायचा म्हणून तो हसत होता. "एवढंच ना पोरी? बर्फ पडायच्या आत करून टाकू."

आणि जोनेलनं होकारार्थी मान हलवली.